'होय' म्हणण्याआधी यादी वाचा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडची जैन हस्तलिखित भांडारं अभ्यासकांना परिचित आहेत. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला 'णायकुमारचरिउ' हा ग्रंथ १९३३ साली कारंजातूनच प्रसिद्ध झाला. अशी जुनी पुस्तकं स्कॅन केली तरी हाती येतं ते नुसतं चित्र, त्यात शब्द शोधता येत नाही. छापील पानावरची देवनागरी ओळखून तिचा मजकूर करून देणारं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मोफत आहे. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर ते दोन ओळींत बसतं. हस्तलिखितं मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची.

टर्मिनल उघडून आधी 'सुडो एपीटी अपडेट' असं रोमन अक्षरांत टाइप करायचं. 'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, म्हणून पासवर्ड विचारला जातो. तो देताना पडद्यावर सहसा काहीच उमटत नाही, त्याने घाबरू नये. या आज्ञेने फक्त उपलब्ध पॅकेजेसची ताजी यादी येते. मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार'. शेवटचं 'मार' मराठीसाठी. सोबत आणखी कोणती पॅकेजेस येणार, किती डाउनलोड होणार, हे दाखवून संगणक 'वाय' की 'एन' असं विचारतो.

ही सोबतची पॅकेजेस शोधून आणणं हेच एपीटी या पॅकेज व्यवस्थापकाचं मोठं काम. ते १९९८ साली आलं. त्याच्या खाली काम करणारं डीपीकेजी 'अमुक नाही' एवढं सांगून थांबतं. ते आणायचं तुम्ही. शिवाय पॅकेजेस जिथून येतात त्या भांडाराची डिजिटल सही एपीटी तपासतं. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेल्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरला अशी हमी कुठली?

काढण्याचं काम जास्त नाजूक. 'रिमूव्ह'ने सॉफ्टवेअर जातं, पण त्याच्या सिस्टिममधल्या सेटिंगच्या फायली राहतात. 'पर्ज'ने त्याही जातात. तुमच्या होम फोल्डरमधल्या फायलींना दोन्ही हात लावत नाहीत. आता कुणालाच नको असलेली सोबतची पॅकेजेस 'ऑटोरिमूव्ह' काढतं.

२०२१ मध्ये यूट्यूबवरचे लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर स्टीम हे गेम्ससाठीचं सॉफ्टवेअर बसवायला गेले. पॅकेजमधल्या एका दोषामुळे एपीटीने स्टीमसाठी अख्खं डेस्कटॉपच काढायचा बेत मांडला. तशी धोक्याची सूचनाही आली, पण 'होय, मी सांगतो तसं कर' हे वाक्य टाइप करून ते पुढे गेले आणि डेस्कटॉप गेलं. वापरणाऱ्याला दोष देणं सोपं आहे; मला वाटतं, इतकी लांबलचक यादी दाखवून संमती मागणंही चूकच. एपीटीच्या निर्मात्यांनी त्यानंतर ही वाट बरीच अवघड केली.

म्हणून 'काढली जाणार' या मथळ्याखालची नावं एकेक वाचावीत. अनोळखी, पण महत्त्वाचं वाटणारं नाव दिसलं तर 'एन' दाबावं. आज्ञेला '-एस' जोडलं की काय येईल नि काय जाईल ते नुसतं दिसतं. संगणकात काहीच बदलत नाही आणि त्यासाठी 'सुडो' वा पासवर्डही लागत नाही.