भिंतीतील बिडाचा नळ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा भुसार बाजाराच्या बदलत्या स्थितीवर आम्ही चार शब्द लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र शौचालयाच्या नळाविषयी लिहीत आहोत. विषय वाचून काही सभासद बंधू नाक मुरडतील; परंतु ज्यांचे गोदाम खाली आणि बिऱ्हाड वर आहे, अशा आपल्या बेळगावच्या पेठेतील कुटुंबांना तो परका वाटू नये.

आमच्या घराचा मैला वाहून नेणारा चार इंची बिडाचा नळ वडिलांनी सुमारे साठ वर्षांपूर्वी बसवला. शेजाऱ्यांच्या आणि आमच्या घरामधील अरुंद बोळाच्या बाजूने, भिंतीत खाच पाडून तो घातला आणि वरून गिलावा केला. नळ दिसू नये ही त्या काळची अभिरुची. सांध्यांत ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतलेले. काम पक्के होते; आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण बीड झाले तरी लोखंडच. भिंतीकडच्या बाजूला रंगाचा हात पोहोचत नाही, ओल मात्र पोहोचते. त्यामुळे नळ कुजतो तो बहुधा पाठीमागून, जिथे पाहण्यास कोणी जात नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात गोदामाच्या त्या भिंतीला लोणा फुटला. आम्ही निदान केले की शेजाऱ्यांची न्हाणी गळते. ते बिचारे म्हणाले, "अण्णा, आमची न्हाणी उकरून बघा हवं तर." आम्ही उकरून पाहिली नाही, आणि बोलणेही सोडले. भिंतीला वरून सिमेंट, मग डांबराचे कापड, मग दुकानात मिळणारी एपॉक्सीची लांबी, असे उपचार दोन वर्षे चालले. प्रत्येक वेळी खर्च थोडा, म्हणून तो खर्च वाटलाच नाही. पेढीच्या खतावणीत त्याची बेरीज पुढे आम्हीच केली, तेव्हा नव्या नळाची निम्मी किंमत त्यातच गेलेली आढळली.

२०२३ च्या श्रावणात आमच्या जुन्या हमालाने थप्पी हलवताना हाक मारली, "मालक, या पोत्याला वास येतोय." खालच्या थरातील हरभरा डाळीची चौदा पोती भिंतीच्या बाजूने ओली होती. फळ्या मांडल्या होत्या, पण थप्पी भिंतीला टेकलेली होती. भिंतीपासून दोन फूट अंतर सोडावे हे आम्ही नव्या गुमास्त्यांना पहिल्या दिवशी शिकवतो. धान्यात ओलावा शेकडा १४ च्या वर गेला की बुरशी व कीड यांस आमंत्रणच. डाळीला तर त्याहून कमी पुरतो.

नळकारागिराने निदान सोप्या रीतीने केले. कपड्यांना घालावयाची नीळ बादलीभर पाण्यात कालवून ती वरच्या शौचकूपात ओतली. तासाभरात गोदामाच्या भिंतीवर निळा डाग उमटला. शेजाऱ्यांची न्हाणी निर्दोष ठरली.

भिंत फोडली तेव्हा नळाला मागच्या बाजूने हातभर उभी चीर होती. डागडुजीचा विचार तेथेच संपला. प्लॅस्टिकचा नळ घेण्याचे ठरले, आणि इथे आमच्यातील व्यापारी जागा झाला. दुकानदाराने दाखवलेले दोन नळ एकाच रंगाचे, एकाच ११० मिलिमीटर मापाचे. दरात मात्र बराच फरक. आम्ही दोन्ही काट्यावर घातले. तीन मीटरचा एक सुमारे साडेचार किलो भरला, दुसरा सव्वातीन. पातळ तो 'ए' प्रकारचा, जाडी २.२ मिलिमीटर, पावसाच्या पाण्यासाठी व हवेसाठी. जाड तो 'बी' प्रकारचा, ३.२ मिलिमीटर, मैल्यासाठी. भारतीय मानक १३५९२ मध्ये हा भेद आहे आणि तो नळावर छापलेला असतो. ठेकेदार पुष्कळदा पातळ नळच बसवतात. नमुना एक आणि माल दुसरा, ही आपल्या बाजारातील जुनी व्याधी नळाच्या बाजारातही आहे.

नवा नळ आम्ही भिंतीत घातला नाही. बोळाच्या बाजूला, उघडा, पट्ट्यांनी आवळून बसवला. गळला तर दिसेल. सांध्यात रबरी कडे असते. ते बसवताना साबणाचे पाणी लावावे, तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर सडते. नळ पूर्ण आत सारून मग सुमारे १० मिलिमीटर मागे ओढून ठेवावा, कारण प्लॅस्टिक उन्हाने वाढते. तीस अंशांच्या फरकाने तीन मीटरचा नळ पाच-सहा मिलिमीटर लांबतो. कारागीर ही जागा सोडण्यास कंटाळतात, म्हणून आम्ही समोर बसून राहिलो. तळाशी काटकोनी वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे घेतली, झाकणाचे तोंड ठेवले, आणि आडव्या नळाला चाळीस इंचांस एक इंच उतार दिला. वरचे टोक गच्चीच्याही वर नेले, नाहीतर भांड्याखालील वळणात अडून राहणारे पाणी ओढले जाते आणि दुर्गंधी घरात शिरते. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून त्याला फिकट रंग दिला. बिडाच्या मानाने पाण्याचा आवाज मात्र अधिक येतो, हे मान्य केले पाहिजे.

खालचा चेंबर तुंबलेला होता. "एका माणसाला आत उतरवतो," असे गवंडी म्हणाला. संरक्षक साधनांविना माणसाला अशा जागी उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी आम्ही होकार दिला नसता, असे लिहावेसे वाटते, पण आमच्या लहानपणी मागच्या दाराने टोपली घेऊन येणाऱ्या बाईंचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते. शोषयंत्राची गाडी बोलावली. एक दिवस वाया गेला, तो जाऊ दिला.

आपल्या शास्त्रात मुनींच्या पाच समितींपैकी पाचवी उत्सर्ग समिती आहे. मलमूत्र कोठे व कसे टाकावे, जेणेकरून जीवांस बाधा होणार नाही, याची ती दक्षता. आम्ही ती पर्युषणात अनेकदा ऐकली होती. ती घराच्या नळाशी कधी जोडून पाहिली नव्हती.

चौदा पोत्यांचे काय करावे, हा प्रश्न बिकट होता. वाळवून, चाळून, चांगल्या मालात मिसळावी, असे एकाने सुचवले. पांजरपोळास द्यावी, असे दुसऱ्याने. मैल्याचे पाणी लागलेली डाळ माणसास नको, तर गाईस कशी चालेल? सातशे किलो माल शेतात नेऊन पेंढ्यासह खताच्या खड्ड्यात घातला. त्यातही किडीची हिंसा झालीच. ती झाली नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

काम तीन दिवस चालले. घरात अकरा माणसे. पहिल्याच सकाळी शेजाऱ्यांनी आपल्या शौचालयाची किल्ली मुलाच्या हाती पाठवून दिली. निरोप काही नव्हता.

एक गोष्ट राहिली. त्याच वर्षीच्या वैशाखात खानापूरकडील एका किरकोळ दुकानदाराने कुबट वास येतो म्हणून दोन पोती परत आणली होती. आम्ही हात घालून पाहिले, माल उत्तम आहे म्हणालो, आणि वाहतुकीचा खर्च त्याच्यावर टाकून पोती त्याच्याच गळ्यात घातली. ती त्याच थप्पीतील होती. भिंत फुटली त्या रात्री आम्ही जुनी वही काढून पाहिली. दुसऱ्या दिवशी दोन पोत्यांची रक्कम, वाहतूक आणि तेव्हापासूनचे व्याज त्याला पाठवले. त्याने मुद्दल व वाहतूक ठेवून घेतली, व्याज परत केले, आणि पुढील महिन्यासाठी पाच पोती तूरडाळ मागवली.