यार्देनेचे उतार : ‘शास्ते’ या ग्रंथातील काही विलक्षण व्यक्ती आणि प्रसंग

बायबलच्या जुन्या करारातील ‘शास्ते’ हा २१ अध्यायांचा ग्रंथ वाङ्मयाच्या अभ्यासकाकडून क्वचितच सलग वाचला जातो. शमशोन आणि दलीला यांची कथा चित्रांतून, संगीतिकांतून व चित्रपटांतून सर्वपरिचित झालेली आहे; गिदोनाच्या ३०० सैनिकांची हकीगतही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या दोन कथांच्या आगेमागे ज्या व्यक्ती उभ्या आहेत, त्या अधिक विलक्षण आहेत, आणि ग्रंथाचे खरे मर्म त्यांच्या कथा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्यावाचून हाती लागत नाही.

प्रथम ग्रंथनामाविषयी. मूळ हिब्रू शब्द ‘शोफेतीम्’. इंग्रजी परंपरेने त्यासाठी न्यायाधीश या अर्थाचा शब्द स्वीकारल्यामुळे न्यायासनावर बसलेल्या धीरगंभीर पुरुषांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि वाचकाची फसगत होते. प्रत्यक्ष निवाडे करताना या ग्रंथात दिसते ती एकटी दबोरा, आणि ती स्त्री आहे. बाकीचे बहुतेक आणीबाणीच्या वेळी पुढे आलेले लढवय्ये होत. शासन करणारा आणि शासन घडविणारा हे दोन्ही अर्थ वाहणारा ‘शास्ता’ हा मराठी भाषांतरकारांनी योजलेला शब्द त्यामानाने कितीतरी नेमका म्हटला पाहिजे.

यहोशवाच्या मृत्यूनंतर आणि राजेशाहीच्या स्थापनेपूर्वी इस्राएलचे वंश विस्कळीतपणे नांदत होते, त्या काळाच्या या कथा आहेत. लोक देवाला विसरतात, शत्रू त्यांना गांजतो, ते आक्रोश करतात, एक तारणारा उभा राहतो, काही वर्षे देशाला स्वस्थता लाभते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. ही चौकट संपादकाची आहे. अनुवाद, यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे हे ग्रंथ मिळून एकाच हाताने रचलेला सलग इतिहासग्रंथ होतो, असे प्रतिपादन जर्मन पंडित मार्टिन नोट यांनी १९४३ मध्ये केले. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, तरी संपादकाचा हात कोणी नाकारीत नाही. तथापि चौकटीत बसविलेल्या कथा या चौकटीला जुमानीत नाहीत. त्यांतील माणसे उपदेशाला सोयीची नाहीत.

याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे एहूद. तो बन्यामीन वंशातला. ‘बन्यामीन’ या नावाचा अर्थ उजव्या हाताचा पुत्र, आणि एहूद डावखुरा! हिब्रू शब्दयोजना तर त्याचा उजवा हात जणू बांधलेला होता असे सुचविते. याच वंशात केसालाही नेम धरून गोफण मारणारे ७०० डावखुरे योद्धे होते, असे ग्रंथाच्या शेवटी, विसाव्या अध्यायात, याच शब्दयोजनेने सांगितले आहे. तेव्हा हे व्यंग नसून वंशात जोपासलेले कसब असावे. मवाबाचा राजा एग्लोन याची ताबेदारी इस्राएलाने १८ वर्षे केली. त्याला नजराणा पोहोचविण्याचे काम एहूदाकडे येते. तो दुधारी शस्त्र घडवितो. त्याची लांबी ‘गोमेद्’ या मापाने दिली आहे. हा शब्द हिब्रू बायबलमध्ये अन्यत्र कोठेही येत नाही (आपल्याकडील रत्नाशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगणे नलगे). शस्त्र तो उजव्या मांडीला बांधतो, आणि डाव्या हाताने लढणारा माणूस पहारेकऱ्यांनी गृहीत धरलेला नसल्यामुळे ते तेथेच राहते.

नजराणा देऊन झाल्यावर एहूद एकटाच परततो आणि राजासाठी आपल्याजवळ एक गुप्त ‘दाबार’ आहे असे कळवितो. ‘दाबार’ म्हणजे शब्द, निरोप. तसेच वस्तू, बाब. मराठीतील ‘गोष्ट’ हा शब्द जसा सांगण्याची गोष्ट आणि हाताने धरण्याची गोष्ट असे दोन्ही अर्थ देतो, तसेच हे आहे. राजा निरोपाच्या अपेक्षेने सेवकांना बाहेर घालवितो. देवाकडून आलेला ‘दाबार’ ऐकण्यासाठी तो आसनावरून उठतो आणि एहूद त्याला ती गोष्ट देतो. राजा इतका लठ्ठ होता की मुठीसह पाते चरबीत गडप झाले, हा तपशील निवेदक सोडीत नाही. एग्लोन या नावात वासराला असलेला ‘एगेल’ हा शब्द ऐकू येतो. नजराण्यासाठी वापरलेला ‘मिन्हा’ हा शब्द देवाला वाहिलेल्या अर्पणालाही लावतात. पुष्ट वासराचे बलिदान येथे सुचविले आहे, हे उघड आहे.

पुढचा भाग निखळ विनोदाचा आहे. माडीची दारे आतून बंद. सेवक बाहेर खोळंबलेले. राजे परसाकडेस बसले असावेत अशी त्यांची समजूत, आणि ती व्यक्त करण्यासाठी मूळात पाय झाकण्याचा शिष्ट वाक्प्रचार योजिला आहे. लाज वाटेपर्यंत थांबून ते किल्लीने दार उघडतात, तोवर एहूद निसटलेला असतो. रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८१ मधील बायबलच्या कथनकलेवरील आपल्या ग्रंथात या प्रकरणाचे उपहासकथा म्हणून केलेले विवेचन अजूनही वाचनीय आहे. एहूद आपल्या लोकांना घेऊन यार्देनेचे मवाबाकडील उतार अडवितो आणि १०,००० मवाबी मारले जातात. देशाला ८० वर्षे स्वस्थता लाभते. नदीचे उतार अडविण्याची ही युक्ती वाचकाने ध्यानात ठेवावयास हवी.

याएलेची कथा अधिक प्रसिद्ध असल्यामुळे तिच्याविषयी थोडेच लिहिणे पुरेसे आहे. ९०० लोखंडी रथांचा सेनापती सीसरा पायी पळत तिच्या तंबूत येतो. ती त्याला दूध पाजते, पांघरूण घालते आणि मेख ठोकून ठार करते. तंबूत कोणी पुरुष आहे काय असे कोणी विचारल्यास नाही म्हणून सांग, अशी सूचना त्यानेच तिला दिलेली असते. बाराक तेथे पोहोचतो तेव्हा ते उत्तर खरे ठरलेले असते. हीच घटना चौथ्या अध्यायात गद्यात आणि पाचव्यात काव्यात येते. हे काव्य हिब्रू वाङ्मयातील अतिप्राचीन रचनांपैकी एक मानले जाते. त्यात खिडकीशी वाट पाहणारी सीसराची आई दिसते. शत्रूच्या आईला इतकी जागा देणारे विजयगीत विरळाच!

गिदोनाच्या कथेत यार्देन पुन्हा येते. पळणाऱ्या मिद्यान्यांची वाट अडविण्यासाठी एफ्राईमचे लोक पाणवठे आणि नदी रोखून धरतात. परंतु आपल्याला आधी का बोलाविले नाही म्हणून तेच एफ्राईमी गिदोनावर उलटतात. तो त्यांना सांगतो की त्याच्या कुळाच्या सबंध द्राक्षतोडणीपेक्षा एफ्राईमने मागाहून वेचलेली द्राक्षे सरस आहेत. एका चतुर वाक्याने भाऊबंदकीचे युद्ध टळते. या प्रसंगाचे महत्त्व इफ्ताहाच्या कथेत पोहोचल्यावर कळते.

इफ्ताह हा गिलादाचा वेश्येपासून झालेला मुलगा. सावत्र भावांनी वारसा नाकारून हाकलून दिलेला, सीमेवर रिकामटेकड्यांची टोळी जमवून राहिलेला. अम्मोन्यांचे संकट येताच गिलादाच्या वडीलधाऱ्यांना त्याची आठवण होते. तो त्यांच्याशी घासाघीस करतो, अटी कबूल करून घेतो आणि मगच येतो. अम्मोनाच्या राजाकडेही तो आधी वकील पाठवून इतिहासाचे दाखले देत लांबलचक युक्तिवाद करतो. तात्पर्य, हा तलवारीच्या आधी शब्द वापरणारा मनुष्य आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘तो उघडतो’ असा आहे. आणि हाच मनुष्य, गरज नसताना, नवस बोलतो: विजय मिळाला तर परतताना घराच्या दारातून जे सामोरे येईल ते परमेश्वराचे; त्याचा होम करीन.

सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवीत आणि नाचत. बाप वस्त्रे फाडतो आणि तिनेच आपल्याला खाली लोळविले असे म्हणतो. दुःखाच्या क्षणीही दोष तिच्या पदरात घालणारा हा बाप निवेदकाने एका वाक्यात जसा उभा केला आहे, तसा पुढच्या नाटककारांना फारसा साधलेला नाही. तिचे उत्तर संयत आहे. ती दोन महिने मागते, मैत्रिणींबरोबर डोंगरांवर जाऊन आपल्या कौमार्यासाठी शोक करते आणि परत येते. अब्राहामाचा हात धरणारा देवदूत येथे येत नाही. नवसाप्रमाणे केले, एवढेच निवेदक सांगतो. दरवर्षी चार दिवस इस्राएलच्या मुली तिची आठवण करीत असत, परंतु तिचे नाव ग्रंथात नाही.

ही शांतता पुढच्या वाचकांना सोसवली नाही. पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका यहुदी ग्रंथाने (त्याचा कर्ता आज छद्म-फिलो म्हणून ओळखला जातो) तिला ‘सैला’ हे नाव दिले. मध्ययुगीन भाष्यकार दावीद किम्ही यांनी नवसातील ‘आणि’ हे अव्यय ‘किंवा’ असे वाचून ती मारली गेली नाही, एकांतवासात राहिली, असा अर्थ लावला. हांडेलच्या १७५२ मधील संगीतरचनेत तर देवदूत येऊन तिला वाचवितो. या सर्वांहून मार्मिक आहे ती ‘बरेशीत रब्बा’ या मिद्राश ग्रंथातील टीका. नवसातून सोडवणूक करण्याचा अधिकार प्रमुख याजक फिनहासाला होता. पण इफ्ताहाला वाटले, मी अधिपती, मी का जावे. फिनहासाला वाटले, गरज त्याची, मी का जावे. दोघांच्या मानापमानात मुलगी गेली. लेवीय ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात नवसाने वाहिलेल्या व्यक्तीचे मोल ठरवून दिले आहे. ५ ते २० वर्षे वयाच्या मुलीचे १० शेकेल. हा दाखला ध्यानात घेतला तर बापाची असहायता तितकीशी विश्वसनीय वाटत नाही.

लगेच एफ्राईमी येतात आणि तीच जुनी तक्रार करतात: आम्हांला का बोलाविले नाही? गिदोनापाशी होते ते मृदू वाक्य इफ्ताहापाशी नाही. युद्ध होते आणि गिलादी यार्देनेचे उतार अडवितात. नदी ओलांडू पाहणाऱ्याला विचारले जाते, तू एफ्राईमी आहेस काय? नाही म्हणाल्यास ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास सांगतात. शब्दाचा अर्थ धान्याचे कणीस किंवा पाण्याचा प्रवाह. एफ्राईमी ‘सिब्बोलेथ’ म्हणतो आणि तेथेच मारला जातो. मृतांची संख्या ४२,००० दिली आहे. हिब्रूतील हजारवाचक शब्दाचा अर्थ सैन्याची तुकडी असाही घेतला जातो, त्यामुळे आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. परंतु एहूदाच्या उतारावर १०,००० परके आणि इफ्ताहाच्या उतारावर ४२,००० भाऊबंद, हे प्रमाण निवेदकाला अभिप्रेत आहे, यात शंका नाही. मराठी भाषांतरात ‘उतार’ हा शब्द आपोआपच दुहेरी होऊन बसतो: नदी ओलांडण्याची जागा आणि घसरण.

भाषाशास्त्रज्ञांना हा प्रसंग प्रिय आहे. गिलादी बोलीत या शब्दाच्या आरंभी ‘श’ नसून दंत्य-घर्षक ध्वनी होता, असे ई. ए. स्पायझर यांनी १९४२ मध्ये सुचविले. त्यावरचा वाद मिटलेला नाही. लिपीची अडचणही लक्षणीय आहे. स्वरचिन्हे व बिंदू नसलेल्या जुन्या हिब्रूत एकच अक्षर ‘श’ आणि एक प्रकारचा ‘स’ अशी दोन्ही कामे करीत असल्यामुळे चुकीचा उच्चार दाखविण्यासाठी लेखकाला ‘सामेख’ हे निराळे अक्षर योजावे लागले. ग्रीक भाषेत ‘श’ नाहीच. त्यामुळे ग्रीक भाषांतराच्या एका हस्तलिखित परंपरेने सरळ ‘कणीस’ या अर्थाचा शब्द घातला, तर दुसरीने ‘परवलीचा शब्द’ असे लिहिले. प्रसंगाचा प्राणच गेला. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘सेब्बोलेथ’ आणि ‘तेब्बोलेथ’ अशी जोडी आली. देवनागरीत यांपैकी कसलीच कसरत करावी लागत नाही. ‘शिब्बोलेथ’ आणि ‘सिब्बोलेथ’ शेजारी लिहिले की काम झाले. आणि मराठी वाचकाला तर श-स यांच्या भेदावरून बोलणाऱ्याचे गाव, जात, शिक्षण हेरण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे की उतारावरचा पहारेकरी त्याला अनोळखी वाटू नये.

ग्रंथाची अखेर शमशोनाने होत नाही. शेवटच्या तीन अध्यायांत एक लेवी आपल्या उपपत्नीसह प्रवास करीत असताना परक्यांचे नगर म्हणून यबूस टाळतो आणि आपल्यांचे म्हणून बन्यामिनी गिब्यात उतरतो. तेथे त्या स्त्रीवर रात्रभर अत्याचार होतो. तिच्या देहाचे बारा तुकडे सर्व वंशांकडे पाठविले जातात, युद्ध पेटते आणि बन्यामिनाचे अवघे ६०० पुरुष उरतात. तिलाही नाव नाही. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये या स्त्रीची आणि इफ्ताहाच्या मुलीची कथा एकाच ग्रंथात घेतली, ती सयुक्तिकच होती. मात्र या दोघींना जोडणारा दुवा शपथेचाही आहे. बन्यामिन्यांना मुली न देण्याची शपथ वंशांनी मिस्पा येथे घेतलेली असते. इफ्ताहाचे घरही मिस्पा येथेच, जरी ते गाव यार्देनेपलीकडचे, निराळे. आता एक वंश नष्ट होणार म्हणून सगळे रडतात आणि शपथ न मोडता पळवाट शोधू लागतात. सभेला न आलेले याबेश-गिलाद नगर कापून काढून तेथील ४०० कुमारिका आणल्या जातात. तरी २०० कमी पडतात. तेव्हा वडीलधारे बन्यामिन्यांना सांगतात, शिलोच्या उत्सवात द्राक्षमळ्यांत दबा धरून बसा. मुली नाचावयास बाहेर आल्या की पळवून न्या. बाप तक्रार करू लागले तर त्यांची समजूत तयार आहे: मुली तुम्ही दिल्या नाहीत, तेव्हा शपथ मोडल्याचा दोष तुमच्यावर नाही.

नाचत बाहेर येणाऱ्या या मुलींसाठी हिब्रूत जो शब्द आहे, तोच इफ्ताहाच्या मुलीच्या नाचासाठी वापरला आहे.