दुसऱ्या पुडीतले शास्त्र

प्रयोगशाळेत चाललेले संशोधन सामान्य माणसापर्यंत पोचवावे कसे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याला बहुधा एकच उत्तर मिळते : अवघड गोष्ट सोपी करून सांगावी, म्हणजे झाले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. सोपे करण्याच्या भरात आपण निष्कर्ष तेवढा ठेवतो आणि त्यामागचे कारण गाळून टाकतो. अशा गाळलेल्या कारणाची किंमत काय पडते, हे पाहण्यासाठी खानदेशातल्या माणसाला दूर जावयास नको. पावसाळ्यात जळगाव किंवा धुळे सोडून कोणत्याही वाटेला लागावे. दुतर्फा कपाशी उभी असते. त्या कपाशीचीच ही हकीगत आहे.

२००२ साली भारत सरकारने बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी दिली. ‘बीटी’ ही एका जिवाणूच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरे होत. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू आजारी रेशीमकिड्यांत आढळला. पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांनी त्याचे वर्णन केले आणि तेथील थुरिंगिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या पोटात गेले की तेथील अल्कधर्मी रसात विरघळते, आतड्याच्या पेशींना चिकटते आणि त्यांना भोके पाडते. अळी खाणे सोडते व मरते. माणसाच्या जठरातला रस आम्ल असतो आणि त्या प्रथिनाला चिकटावयास लागणारी जागा आपल्या आतड्यात नसते. म्हणून आपणांस त्याची बाधा होत नाही. हे प्रथिन कसे घडवावे याची आज्ञा ज्यात साठवलेली असते, तो जनुक शास्त्रज्ञांनी कपाशीत आणला. औषध बाहेरून फवारण्याऐवजी झाडातच तयार होऊ लागले.

या बियाण्याच्या पिशवीत साडेचारशे ग्रॅम बीटी सरकी असे आणि तिच्याबरोबर एकशेवीस ग्रॅमची आणखी एक पुडी असे. तीत साधी, म्हणजे बिगर-बीटी सरकी. नियम असा होता की, शेताच्या कडेने या साध्या कपाशीच्या पाच ओळी लावाव्यात, किंवा एकूण क्षेत्राच्या एक पंचमांश भागात ती लावावी. दोहोंपैकी जे अधिक भरेल ते. शेतकऱ्याने ही पुडी पाहिली आणि साहजिकच विचारले, “पैसे मोजून अळी मारणारे बी आणायचे, आणि वर अळ्यांसाठी पंगत मांडायची, हा कुठला न्याय?” प्रश्न रास्त होता. पुष्कळ ठिकाणी त्याला कोणी धड उत्तर दिले नाही, आणि पुड्या बांधावर पडून राहिल्या.

उत्तर असे आहे. प्रत्येक अळीला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात; एक आईकडून, एक बापाकडून. लक्षावधी अळ्यांत एखादी अशी निघते की, जिच्या दोन्ही प्रती बीटीचे विष पचविणाऱ्या असतात. सगळे शेत बीटीचे असले तर बाकीच्या साऱ्या मरतात आणि अशा मूठभर तेवढ्या उरतात. त्यांचे पतंग होतात. त्यांना जोडीदार मिळतो तोही तसाच विष पचविणारा, कारण दुसरा कोणी शिल्लकच नसतो. त्यांची सारी संतती विषाला दाद न देणारी निपजते. बोंडअळीची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. एका हंगामात अनेक पिढ्या होतात, आणि काही वर्षांत शेतात तशाच अळ्यांचे राज्य होते.

आता कडेला साध्या कपाशीच्या ओळी आहेत असे समजा. त्यांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या सुखाने वाढतात व त्यांचे शेकडो पतंग उडतात. बीटीच्या झाडावर वाचलेल्या एखाद्या पतंगाला या गर्दीतलाच जोडीदार मिळण्याचा संभव फार मोठा. त्यांच्या पिल्लांना विष पचविणारी एकच प्रत मिळते, आणि एका प्रतीने बहुधा भागत नाही. बीटी खाताच ती मरतात. दुधात पाणी घालणे हा गवळ्याचा दोष खरा, परंतु येथे पातळ करणे हेच औषध होते. अळ्यांसाठी मांडलेली ती पंगत म्हणजे बियाण्याचा विमा होता.

हा विमा बहुतेकांनी उतरविलाच नाही. २००६ साली दोन जनुकांचे सुधारलेले बियाणे आले. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी गुजरातेत दाद देत नाही, हे २०१० साली जाहीर झाले. आणखी चार-पाच वर्षांत दुसरा जनुकही तेथे हतबल ठरू लागला, आणि २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. आपल्या शेजारच्या भडोच भागातल्या कपाशीवरून १८४३ साली शास्त्राच्या दप्तरी जिची पहिली नोंद झाली, तीच ही अळी.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. आपले वाण संकरित आणि लांब मुदतीचे. पाण्याची सोय असली की मे महिन्यात लावायचे आणि फरदड धरून उन्हाळ्यापर्यंत उभे ठेवायचे. अळीला बारमाही अन्नछत्र मिळाले. दोन-तीन एकरांच्या धन्याने पाचवा हिस्सा अळ्यांना सोडावा ही अपेक्षाही जड होती.

पण साध्या कपाशीचे तत्त्व खरे होते, याची साक्ष दोन ठिकाणी मिळते. पहिली आपल्याच शिवारात. अमेरिकन बोंडअळीवर बीटीचा प्रभाव पुष्कळ अंशी टिकून राहिला. कारण ती तूर, हरभरा, टोमॅटो यांवरही जगते, आणि ही पिके काही बीटी नव्हेत. तिच्यासाठी पंगत निसर्गानेच मांडून ठेवली होती. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिला दुसरा आसरा नव्हता. दुसरी साक्ष अमेरिकेतल्या अरिझोना राज्याची. तेथे १९९६ पासून बीटी कपाशी होती आणि अळीही हीच. शेतकऱ्यांनी साधी कपाशी राखण्याचा नियम पाळला व बियाण्याची शक्ती टिकली. पुढे विमानांतून वंध्य पतंग सोडण्याची मोहीम झाली आणि २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापूसक्षेत्रातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले.

आता पुढे काय? पुढचे उपायही कारण समजल्यावाचून कोणी करणार नाही. ही अळी हिवाळ्यात सरकीत आणि झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत झोपून राहते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत शेत रिकामे करावयाचे, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवावयाच्या नाहीत, आणि जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावावयाचे. हे शेवटचे काम शेतकऱ्याचे नव्हे, शहरातल्या कारखानदाराचे आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पतंग बाहेर पडतात, तेव्हा त्यांना अंडी घालण्यास कपाशीची पाती-फुले मिळाली नाहीत, तर ती पिढी वाया जाते. जूनपूर्वी बियाणे विकू नये असे आदेश अलीकडे काढले गेले, त्यांचे मूळ येथे आहे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याला असा आदेश जाचक वाटतो. पतंगाची ही अडचण त्याला घरच्या अहिराणीत समजावून सांगितली, तर तो स्वतःच तारीख ठरवील. आणि शेजाऱ्यालाही सांगेल, कारण पतंग बांध ओळखत नाही.

तात्पर्य, शास्त्राचा प्रसार म्हणजे केवळ शोधाची बातमी देणे नव्हे. शोध काय लागला, तो कशावरून खरा मानावयाचा आणि कोणत्या अटी मोडल्या असता तो फसेल, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत. वक्त्याने यातली तिसरी गोष्ट वगळली, तर श्रोत्याने उठून ती विचारावी. उद्या नवे बियाणे येईल, नवे औषध येईल, नवे यंत्र येईल. त्याच्या पिशवीतही एखादी लहान पुडी असेलच. ती कशासाठी आहे, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.