पेन ड्राइव्ह लावला, पण संगणकाला दिसेना : यूएसबीच्या सेटिंग्ज समजून घेऊया



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित पाठिंबा थांबवला. तेव्हापासून आपल्या अनेक सभासदांच्या घरी एकच प्रश्न आहे : चांगला चालणारा जुना संगणक भंगारात द्यायचा का? विंडोज ११ त्यावर बसत नसले, तरी उबुंटू किंवा लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून टाकता येते, आणि तिच्यात मराठी टंकलेखनाची सोयही आहे. अडचण येते ती पहिल्याच पायरीवर. पेन ड्राइव्ह लावूनही संगणक सरळ विंडोजमध्येच जातो, किंवा कीबोर्डच दाद देत नाही. मग 'पोर्ट गेला' असे समजून संगणक बाजूला पडतो. कित्येकदा पोर्ट ठणठणीत असतो, फक्त एखादी सेटिंग आड येत असते.

फर्मवेअर म्हणजे काय?

संगणक चालू केल्यावर विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांची हजेरी घेतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. हेच फर्मवेअर. जुन्या संगणकांत ते बायोस असते, नव्यांत यूईएफआय. बोलताना आपण दोन्हींना बायोसच म्हणतो.

म्हणजे यूएसबीचा ताबा आधी फर्मवेअरकडे असतो आणि नंतर विंडोजकडे. एवढे लक्षात ठेवले की दोष शोधणे सोपे होते :

- कीबोर्ड सुरुवातीच्या पडद्यावर चालतो, पण विंडोजमध्ये नाही : बहुधा ड्रायव्हरचा दोष.
- विंडोजमध्ये चालतो, पण त्याआधी नाही : फर्मवेअरची सेटिंग पाहा.
- दोन्हीकडे नाही : आधी दुसरा पोर्ट आणि दुसरे उपकरण लावून पाहा.

याचे एक गाजलेले उदाहरण २०१५ सालचे आहे. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरसोबत आलेल्या बोर्डांतून यूएसबी २ चा जुना स्वतंत्र नियंत्रक काढून टाकला गेला. नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या डिस्कमध्ये नव्हता. त्यामुळे फर्मवेअरमध्ये व्यवस्थित चालणारा कीबोर्ड विंडोज ७ टाकायला घेतले की मुका होई. कीबोर्ड आणि पोर्ट दोन्ही चांगले होते, ताबा घेणारेच कोणी नव्हते.

आत कसे जायचे?

संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ २ हे बटण पुन्हा पुन्हा दाबा. काही कंपन्यांची बटणे वेगळी असतात. तरीही आत जाता आले नाही, तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडा. पुढे प्रगत पर्यायांत 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' सापडते.

कोणती सेटिंग काय करते?

नावे बोर्डानुसार थोडी बदलतात.

- लेगसी यूएसबी सपोर्ट : यूएसबी ओळखत नसलेल्या जुन्या प्रणालींसाठी फर्मवेअर स्वतः कीबोर्ड-माउस सांभाळते. चालू ठेवावी.
- एक्सएचसीआय हँड-ऑफ : यूएसबी ३ च्या नियंत्रकाचा ताबा फर्मवेअरकडून प्रणालीकडे नीट जावा म्हणून. चालू ठेवावी.
- यूएसबी मास स्टोरेज : ही बंद असेल तर विंडोज सुरू होण्याआधी पेन ड्राइव्ह दिसत नाही.
- फास्ट बूट : वेळ वाचवण्यासाठी यूएसबीची हजेरी टाळली जाऊ शकते. पेन ड्राइव्हवरून सुरू करायचे असेल तेव्हा बंद करावी.
- पोर्ट चालू-बंद : कार्यालयांत वापरलेल्या संगणकांत डेटा बाहेर जाऊ नये म्हणून पोर्ट इथून बंद केलेले असू शकतात. जुना संगणक विकत घेतला असेल तर ही सेटिंग जरूर तपासा.
- ईआरपी : विजेच्या बचतीसाठी आहे. चालू केल्यास संगणक बंद असताना यूएसबीवर मोबाईल चार्ज होत नाही. हा बिघाड नाही.

पेन ड्राइव्ह दिसू लागला की बूटच्या यादीत तो वर आणा, किंवा सुरुवातीला येणाऱ्या बूट मेनूतून तेवढ्यापुरता निवडा.

हात लावण्याआधी

प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि परिणाम पाहा. गोंधळ झालाच तर मूळ सेटिंग्ज परत आणणारा 'लोड डिफॉल्ट्स' हा पर्याय तिथेच असतो. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण काही बदलांनंतर ती विचारली जाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कीबोर्ड यूएसबीचाच असेल तर सगळे यूएसबी पोर्ट एकदम कधीही बंद करू नका. मग ते पुन्हा चालू करायला कीबोर्डच उरत नाही. तशी वेळ आली तर जुना गोल पिनचा कीबोर्ड, बोर्डावर तशी जागा असल्यास, कामी येतो. नाहीतर बोर्डाच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे सीमॉस रीसेट करावे लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

नवी प्रणाली टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून घरातले जुने फोटो, कागदपत्रे आणि पत्रव्यवहार आधी दुसरीकडे उतरवून घ्या. कुठे अडलेच तर पडद्याचा फोटो घेऊन मंडळाच्या कार्यालयात या, आपण मिळून पाहू. संगणक भंगारात देण्याआधी एवढे जरूर करा.