दिलेल्या फोनमध्ये ॲप का बसत नाही?

ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल बालविकास प्रकल्पाच्या कचेऱ्यांत परत नेऊन ठेवले. २ जीबी रॅमचे ते फोन तापायचे, अडकायचे, आणि त्यांवर मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी भरण्याचं नवं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप नीट चालत नव्हतं. शिवाय ॲप तेव्हा इंग्रजीत होतं. सेविकांची तक्रार शंभर टक्के खरी होती, कारण रॅम नावाची गोष्ट सेटिंग बदलून वाढत नाही.

पण प्रत्येक वेळी दोष रॅमचाच असतो असं नाही. पुलगावला खेटून असलेल्या नाचणगावात एखाद्या सेविकेला, बँकेच्या वसुली कर्मचाऱ्याला किंवा पार्सल पोचवणाऱ्या मुलाला कचेरीकडून फोन मिळाला, तर अँड्रॉइडच्या लेखी त्या फोनची मालक बहुधा कचेरीच असते. पहिल्यांदा सुरू करतानाच त्यात ‘मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट’, म्हणजे एमडीएम, बसवलेलं असतं. प्ले स्टोअरमध्ये कोणती ॲप दिसावीत, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडावी की नाही, हे दूरच्या सर्व्हरवरून कचेरीचा ‘ॲडमिन’ ठरवतो.

म्हणून आधी अडवतंय कोण, ते बघावं. ‘ॲडमिन’ने परवानगी दिलेली नाही असा मजकूर आला, किंवा ॲप शोधूनही दिसेना, तर अडवणूक कचेरीची. तिथे मोबाइल दुरुस्तीवाल्याला पैसे देऊन उपयोग नाही. स्क्रीनशॉट काढावा, *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक घ्यावा आणि दोन्ही कचेरीला पाठवावेत. डाउनलोड नुसतंच ताटकळत असेल तर जागा संपलेली असते, रेंज नसते, किंवा वायफायशिवाय डाउनलोड करू नये असं सेटिंग असतं. फोन सुसंगत नाही असं आलं, तर बहुतेकदा अँड्रॉइड जुनं झालेलं असतं. मग ॲडमिनचाही इलाज चालत नाही. आणि स्वतःच्याच फोनवर कामाचा वेगळा कप्पा केलेला असेल, तर ॲप बॅगेचं चिन्ह असलेल्या प्ले स्टोअरमधूनच घ्यावं लागतं.

वैतागून फॅक्टरी रीसेट मात्र कुणी करू नये. नोंदणी पक्की असेल तर इंटरनेट मिळताच सगळी बंधनं परत येतात. सर्व्हरवर न गेलेल्या नोंदी तेवढ्या कायमच्या जातात. सेविकांच्या फोनमध्ये तर गावोगाव मुलांची वजन-उंची मोजून भरलेल्या त्या नोंदी असतात. फोन वाटणाऱ्या प्रत्येक कचेरीने वाटपाच्याच दिवशी, फोनच्या पाठीवर चिकटवून, उचलला जाईल असा ॲडमिनचा नंबर द्यायला हवा.