घाटावरचं पाणी, घाटावरचा मासा

रोह्याच्या पुलाखालून वाहणाऱ्या कुंडलिकेत बरंचसं पाणी घाटावरचं आहे. मुळा नदी खरं तर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघालेली. टाटांनी मुळशीला धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं. १९२७ पासून ते सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं. कोलाडचं राफ्टिंगही याच पाण्यावर चालतं.

या पाण्यासारखीच इथल्या एका माशाचीही गोष्ट आहे. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. नाव दिलं खुद्री. हाच दख्खनचा महाशीर. रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण अंगावर मोठाले खवले, जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या आणि निळसर पर. उन्हाळ्यात नदी आटली की हे मासे थव्याने खोल डोहांत राहतात. पावसाचा लोंढा आला की प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि स्वच्छ, खळाळत्या पाण्यात, खड्यागोट्यांवर अंडी घालतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण त्यांना लगेच पोहता येत नाही. पोटाखालच्या पिवळ्या बलकावर जगत ती काही दिवस उजेड टाळून दगडांच्या फटीत डोकं खुपसून पडून राहतात.

हे बारकावे कळले ते लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास तिथे महाशीरची अंडी कृत्रिमरीत्या फलित केली. पुढे टाटांच्या केंद्रात लाखोंनी बीज तयार झालं आणि देशभरच्या पाण्यांत सोडलं गेलं. काम कळकळीचं होतं. पण कावेरीत त्याचा परिणाम भलताच झाला. तिथे स्वतःचा कुबडाचा महाशीर होता, ५० किलोंच्या वर वाढणारा. बाहेरून आलेला खुद्री तिथे झपाट्याने पसरला आणि मूळचा मासा हटत गेला. त्याची नेमकी जात ठरली २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. नाव पक्कं होण्याआधीच तो संपत आला होता, ही गोष्ट मला फार बोचते. पाणी एका नदीतून दुसरीत वळवता येतं. मासा तसा वळवला, तर तिथल्या माशाची जागा जाते.

म्हणूनच रायगड जिल्ह्यातला वाळण कोंड मला मोलाचा वाटतो. महाडजवळ, बिरवाडीपलीकडे काळ नदीचा हा डोह वरदायिनी देवीचा मानतात. इथले महाशीर कुणी मारत नाही. कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे थव्याने वर येतात. इथे हॅचरी नाही, बाहेरून आणलेलं बीज नाही. त्याच नदीचा मासा त्याच नदीत राहतो आणि राखण गावकरी करतात.

मात्र देवीचा धाक डोहापुरता. पावसाळ्यात महाशीर डोह सोडून वर निघतो, तेव्हा वाटेत बंधारा असेल तर तिथेच अडतो. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासेमारी होत असेल, तर डोहाबाहेर त्याला कुणाचं संरक्षण नाही. नदीपात्रातले खडेगोटे बांधकामासाठी उपसले, तर अंडी घालायची जागाच जाते, आणि उजेडाला घाबरणाऱ्या त्या पिल्लांना लपायला फटही उरत नाही.