खोट्या सुईची करामत

गोळीची परीक्षा घेणं सोपं असतं. निम्म्या रुग्णांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची. पण ॲक्युपंक्चरची परीक्षा कशी घेणार? सुई टोचली की नाही, हे कुणाला कळत नाही?

हायडेलबर्गच्या कोनराड स्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्ये यावर काय शोधून काढलं माहीत आहे? नाटकातल्या खंजिरासारखी सुई! टोक बोथट, आणि दाबली की दांडी मुठीत सरकते. कातडीला टोक लागतं, बारीकशी टोचणी जाणवते, सुई आखूड होताना डोळ्यांना दिसते. आत मात्र ती शिरतच नाही. एका छोट्या कडीच्या आणि चिकटपट्टीच्या आधारानं ती अंगावर ताठ उभी राहते.

खोट्या उपचाराचा दुसरा मार्ग म्हणजे खरी सुई, पण भलत्याच जागी आणि अगदी वरवर टोचलेली. २००७ मध्ये जर्मनीतल्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला, त्यात हाच मार्ग वापरला होता. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता. भलत्या जागच्या सुयांनी? ४४.२ टक्के! आणि औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी या नेहमीच्या उपचारांनी फक्त २७.४ टक्के. म्हणजे सुया टोचायचे बिंदू चुकले तरी फारसं बिघडलं नाही, आणि तरीही सुया नेहमीच्या उपचारांच्या पुढे गेल्या.

मग आराम आला कुठून? एक मोठा धागा १९७८ सालच्या एका प्रयोगात सापडतो. अक्कलदाढ काढलेल्या काही रुग्णांना नुसत्या बनावट औषधानं बरं वाटलं. त्यांना नॅलॉक्सोन दिलं, आणि दुखणं पुन्हा वाढलं. नॅलॉक्सोन हा तर अफूवर्गीय औषधांवरचा उतारा! म्हणजे आपल्या शरीरातच अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं तयार होतात, आणि उपचार मिळतोय एवढ्या भरवशावरही ती कामाला लागतात.

भरवसा वाढवला तर? २००८ मध्ये आयबीएस या पोटाच्या विकाराच्या २६२ रुग्णांवर हेही करून पाहिलं. नुसत्या प्रतीक्षायादीतल्या २८ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला, खोट्या सुईनं ४४ टक्के लोकांना. तीच खोटी सुई, पण जोडीला आपुलकीनं विचारपूस करणारा उपचारक, तर चक्क ६२ टक्के!

मग औषधांऐवजी सुयाच घ्याव्यात का? इथे मला २०११ चा दम्याचा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. औषधाचा पंप, रिकामा पंप आणि खोटं ॲक्युपंक्चर, तिन्हींनंतर रुग्ण म्हणाले, बरंच मोकळं वाटतंय. ५०, ४५ आणि ४६ टक्के सुधारणा! मग त्यांना यंत्रात जोरानं फुंकायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजलं. खऱ्या पंपानं वाढ २० टक्के. बाकी दोन्हींनी जेमतेम सात, काहीच उपचार न करता होते तेवढीच. छाती मोकळी वाटत होती, श्वासनलिका मात्र आवळलेल्याच होत्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुनाट कंबरदुखीला डॉक्टरांना विचारून सुया जरूर घेऊन पाहा. तो आराम खोटा नाही. पण दमा असेल, तर औषधाचा पंप हाताशीच ठेवा.